देवाला सोडलेले घोडे

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या रिनो शहराच्या पूर्वेला व्हर्जिनिया रेंज नावाची डोंगररांग आहे. टेस्लाची अवाढव्य बॅटरी फॅक्टरी याच डोंगरांत उभी राहिली, आणि फॅक्टरीच्या रस्त्याकडेला घोड्यांचा कळप चरताना दिसणं ही कामावर जाणाऱ्यांना रोजची गोष्ट झाली. हे घोडे कुणी पाळलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मले, इथेच मेले. कायद्याच्या लेखी ती ‘भटकी जनावरं’, नेवाडा राज्याच्या कृषी खात्याच्या अखत्यारीतली. तिथून दक्षिणेला, हायवे ५० ओलांडून पाइन नट डोंगरात गेलात की तसाच घोडा दिसतो, तीच बुटकी बांधणी, तीच मळकी आयाळ. पण हा केंद्र सरकारच्या संरक्षणाखालचा. १९७१च्या कायद्याने त्याला पश्चिम अमेरिकेच्या इतिहासाचं आणि पायोनियर वृत्तीचं जिवंत प्रतीक म्हटलंय. त्याला पकडणं, मारणं, त्रास देणं हा गुन्हा आहे.

इथे नवीन आलेला प्रत्येक जण आधी घोड्यांच्या प्रेमात पडतो, तशी मीही पडले. भारतात नातेवाइकांना पाठवायला याहून चांगला फोटो नाही. मग हळूहळू लक्षात येतं की या राज्यात हा विषय जेवणाच्या टेबलावर काढायचा नसतो. एका बाजूला घोडेवाले, दुसऱ्या बाजूला गायवाले, भांडण माळावरच्या गवताचं. दोघांकडे आकडे तयार असतात आणि गंमत म्हणजे बहुतेक खरे असतात.

मग एका मे महिन्यात अण्णा आले. माझे वडील. माण तालुक्यात आयुष्यभर कोरडवाहू शेती केली आणि चार जनावरं सांभाळली. त्यांना पाइन नटला घोडे दाखवायला नेलं, तर घोड्यांकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. ‘बारीक हायेत,’ एवढं बोलून खाली बघत चालायला लागले. एका झऱ्यापाशी थांबले. पाण्याच्या कडेची माती तुडवून तुडवून काला झाला होता. हा फाटका खूर गाईचा, हा आख्खा घोड्याचा, असं त्यांनी काठीने मला दाखवलं. थोडं पुढे लिदीचा गुडघ्याएवढा ढीग लागला. वयात आलेले नर घोडे ठरावीक जागी पुन्हापुन्हा लीद टाकतात, त्या वासावरून एकमेकांना ओळखतात, हे मी कुठेतरी वाचलेलं त्यांना ऐकवलं. त्यांनी ढीग फोडला. आत काडी काडी वेगळी दिसत होती, बीसुद्धा शाबूत. शेजारी गाईच्या शेणाचा वाळका पो पडला होता, तो उलटा करून पाहिला. आतला चोथा पार पिठासारखा.

‘गाय रवंथ करती,’ अण्णा म्हणाले. ‘ह्याला रवंथ न्हाई. पोटातनं नुसतं जातंय. त्याला जास्तीच खाया लागणार.’

पुस्तकांतही हेच आहे, फक्त जास्त पानांत. गाय चार कप्प्यांच्या पोटात गवत दोनदा दळते. घोड्याचं पचन आतड्याच्या शेवटच्या भागात होतं, तेही घाईत, म्हणून तो हलक्या प्रतीच्या गवतावर निभावतो खरा, पण ते भरपूर लागतं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत गुंडाळून ओढते. घोडा वरखाली दात लावून बुंध्याशी कापतो. दुसरीकडे, गाय पाण्यापासून फार लांब जायचा कंटाळा करते आणि ओढ्याकाठची हिरवळ बसल्या जागी संपवते, घोडा मात्र पाण्यासाठी मैलोगणती चालतो आणि चढावरचं गवतही खातो. थोडक्यात, माळाचं नुकसान दोघंही करतात, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. नुसत्या मोजणीवरून जो भांडतो त्याने तो झरा पाहिलेला नसतो, असं माझं मत झालंय.

परतल्यावर अण्णा पायमोज्यांतली कुसळं काढत बसले. ती चीटग्रासची. बाहेरून आलेलं गवत, एकोणिसाव्या शतकात युरोप-आशियाकडून धान्याबरोबर आलं असं मानतात. जून लागायच्या आत वाळतं, ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर पेटतात, आणि जळलेल्या जागी सगळ्यात आधी पुन्हा तेच उगवतं. जास्त चराईने मूळचं बारमाही गवत गेलं तिथे हे बसलं. गाई आणि मेंढ्यांनी ते काम घोड्यांचा कायदा यायच्या किती तरी आधी उरकलं होतं.

‘पण रान कुणाचं हाय हे?’ अण्णांचा खरा प्रश्न हा होता.

सरकारचं, मी म्हणाले. नेवाड्यातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं खातं साडेचोवीस कोटी एकर जमीन बघतं. त्यातली साडेपंधरा कोटी एकर चराईला खुली आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या दुप्पट. ही जमीन विकत घेता येत नाही, पण चराईचा परवाना मिळतो. साधारण दहा वर्षांचा, जवळपास तुमची स्वतःची जमीन किंवा पाणी असेल तर. परवान्याचा हिशोब महिन्यावर चालतो: एक गाय आणि तिचं वासरू, किंवा एक घोडा, किंवा पाच मेंढ्या, यांना महिनाभर लागणारा चारा म्हणजे एक माप. या मापाचा दर १९७८च्या एका सूत्राने ठरतो, आणि १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला खालची मर्यादा घालून दिली: १.३५ डॉलर. त्यानंतर कित्येक वर्षं तो त्या तळालाच राहिला.

‘दिवसाला?’

‘महिन्याला, अण्णा.’

‘गाय आन्‌ वासरू मिळून?’

सव्वाशे रुपयांच्या आत गाय महिनाभर चरते म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘मग हितला गरीब शेतकरी आसल ह्यो.’ गरीब नाही म्हणावं तर तसंही नाही. खासगी कुरणात याच मापाला वीस डॉलरहून जास्त पडतात, हे घोडेवाले टाळीचं वाक्य म्हणून फेकतात. खासगी कुरणाला कुंपण असतं, पाणी असतं, लक्ष ठेवायला माणूस असतो. सरकारी माळावर हे सगळं बहुतांशी परवानाधारकाच्या गळ्यात. फरक राहतो, पण वीसाला सव्वा इतका नाही.

आता घोड्यांचा कायदा कसा झाला ते, कारण अमेरिकेत कायदे असेही होतात यावर विश्वास बसायला वेळ लागतो. १९५० मध्ये रिनोत वेल्मा जॉन्स्टन नावाची बाई राहायची. एका ऑफिसात सेक्रेटरी होती, लहानपणी पोलिओ झालेला. सकाळी कामावर जाताना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना तिला दिसलं. ती ट्रकच्या मागे गेली. आत कत्तलखान्याकडे चाललेले रानघोडे. त्या काळी विमानांतून घोड्यांना दमवून पळवायचे, खाली ट्रकमधून फास टाकायचे आणि कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यासाठी विकायचे. वेल्माने पुढची वीसहून अधिक वर्षं या एकाच कामाला दिली. विरोधकांनी चेष्टेने ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ म्हणायला सुरुवात केली, तिने ते नाव मिरवलं. १९५९ मध्ये मोटारी आणि विमानांतून घोडे पकडायला केंद्रीय बंदी आली. मग शाळकरी मुलांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पत्रांचा पाऊस पाडला, आणि १९७१चा कायदा दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता मंजूर झाला. डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी सही केली.

पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, जमीन व्यवस्थापनाच्या दुसऱ्या एका कायद्यात खात्याला हेलिकॉप्टर वापरायची परवानगी देणारं कलम आलं. वेल्मा १९७७ मध्ये वारली.

अण्णांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘म्हंजे देवाला सोडल्याती.’

आमच्या गावात पूर्वी वळू सोडायचे. नवस फिटला की उमदा खोंड निवडायचा, पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग द्यायचा आणि सोडून द्यायचा. तो कुणाचाही नाही, सगळ्यांचा. कुणाच्या शेतात शिरला तर हाकलायचा, मारायचा नाही. दावणीच्या गाई त्याच्याच. हे चालायचं, कारण गावाला गायरान होतं. वळूचा बराचसा दिवस तिकडे जायचा आणि शेतातला एखादा घास देवाचा म्हणून सोडून देता यायचा. मग गायरानात शाळा आली, पाण्याची टाकी आली, कुणी पत्र्याचं शेड मारलं, कुणी नांगर घातला. वळू होता तसाच राहिला, रान आटलं. मग कणसं खातो म्हणून त्याच्या अंगावर उकळतं पाणी पडू लागलं. शेवटचा वळू एका रात्री टेम्पोतून गेला. कुणी नेला हे सगळ्यांना माहीत होतं, विचारलं कुणीच नाही. अण्णांचं म्हणणं इतकंच होतं की जनावर सोडताना त्याच्या वाटणीचं रानही सोडायचं असतं, आणि ते गावाला जमलं नाही.

अमेरिकेलाही जमलेलं नाही. १९७१ साली घोडे जिथे जिथे होते असं ठरलं ते क्षेत्र पाच कोटी एकरांच्या पुढे होतं. आज खातं घोड्यांसाठी म्हणून सांभाळतं ती पावणेदोनशेच्या आसपास क्षेत्रं मिळून २ कोटी ७० लाख एकरही भरत नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांत गाई चरतातच. कायद्यात राखीव कुरणांची सोय आहे, घोड्यांच्या हितासाठी ‘मुख्यत्वे, पण केवळ नव्हे’ अशा शब्दांत. प्रत्यक्षात असं रीतसर राखीव कुरण देशभरात अवघं चार ठिकाणी आहे. त्यातलं पहिलं नेवाड्यातलंच, १९६२चं, आणि दुसरं मोंटाना-वायोमिंगच्या सीमेवरचं प्रायर माउंटन, १९६८चं. म्हणजे दोन्ही हा कायदा यायच्याही आधीची.

रान तेवढंच आणि घोडे वाढते. खात्याच्या मते सगळ्या माळांवर मिळून साडेपंचवीस हजार घोडे-गाढवं परवडतात. २०२० मध्ये ती ९५ हजारांपर्यंत गेली होती, २०२५च्या मोजणीत ७३ हजारांच्या आसपास होती. २०१३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सांगितलं की कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतात, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. निसर्ग बघून घेईल म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की शिंगरं मारणारा प्यूमा काही डोंगरांतच टिकून आहे, आणि गुराढोरांच्या रक्षणासाठी त्याला टिपायला सरकारच माणसं पाठवतं. त्याच समितीने आणखी एक गैरसोयीची गोष्ट सांगितली: घोडे पकडून नेल्याने मागे राहिलेल्यांना चारा-पाणी जास्त मिळतं आणि ते आणखी वेगाने वाढतात. म्हणजे पकडणं हाच उपाय, आणि पकडणं हेच खतपाणी.

ते पकडणं मी एकदा पाहिलं आहे. लोकांना बघायची मुभा असते, पण लांबून. आम्ही दहा-बारा जण एका टेकाडावर बसलो होतो, प्रत्येकाच्या डोळ्याला दुर्बीण. खाली दरीत तागाच्या कापडाचं कुंपण दोन्ही बाजूंनी निमुळतं होत लोखंडी कठड्यापर्यंत गेलेलं. ताग एवढ्यासाठी की घोड्याला ती भिंत वाटते, आणि धडकलाच तर लागत नाही. बराच वेळ काहीच नाही. मग डोंगराआडून हेलिकॉप्टरची घरघर, आणि तिच्यापुढे धुळीचा लोट. कापडाच्या तोंडाशी एक माणूस एक माणसाळलेला घोडा धरून दबा धरून बसलेला. कळप जवळ आला की तो या घोड्याला सोडतो. शिकवलेला घोडा सरळ कठड्यात धावत जातो, कारण तिथे त्याला खायला मिळतं हे त्याला ठाऊक असतं. घाबरलेला कळप पुढे धावणाऱ्या घोड्याच्या मागे जातो. दार लागतं. या शिकवलेल्या घोड्याला इथले लोक ‘जूडस हॉर्स’ म्हणतात, येशूला दगा देणाऱ्या शिष्याच्या नावावरून, सरकारी कागदांत त्याला ‘प्राडा हॉर्स’ असं सौम्य नाव आहे. दार लागल्यावर एक घोडी बराच वेळ कठड्याला छाती लावून उभी होती, बाहेर राहिलेल्या शिंगराकडे बघत. घोड्यावरून एक माणूस गेला आणि ते शिंगरू आणून दिलं. माझ्या शेजारच्या बाई रडत होत्या. त्यांच्या पलीकडचा गृहस्थ घड्याळात वेळ लिहून घेत होता. तो कोणत्या बाजूचा होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पकडलेल्यांतले बरेच रिनोच्या उत्तरेला पालोमिनो व्हॅलीच्या गोठ्यांत येतात. तिथे मानेच्या डाव्या बाजूला थंड लोखंडाने खूण गोठवतात, केस पांढरे उगवतात, त्यावरून जन्मसाल वाचता येतं. दत्तक घेणारे मिळतात, पण पुरेसे नाहीत. तुरुंगांत कैद्यांकडून घोडे शिकवून घेण्याचा उपक्रम आहे, आणि तो खरोखर चांगला आहे. २०१९ मध्ये घोडा दत्तक घेणाऱ्याला सरकारने वर हजार डॉलर द्यायला सुरुवात केली, तर २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं की काही जण पैसे घेऊन, वर्षभर थांबून, घोडे कत्तलीच्या बाजारात पाठवत होते. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण मेक्सिको आणि कॅनडाचे रस्ते उघडे आहेत. निरोगी घोडे मारायला किंवा कत्तलीसाठी विकायला खात्याला पैसा वापरता येणार नाही, असं काँग्रेस अनेक वर्षं अंदाजपत्रकात लिहीत आली आहे. त्यामुळे साठ हजारांहून जास्त घोडे गोठ्यांत आणि ओक्लाहोमा-कॅन्ससकडच्या भाड्याच्या कुरणांत उभे आहेत. नुसत्या त्यांच्या वैरणीला आणि देखभालीला वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त लागतात.

पालोमिनो व्हॅलीला अण्णांना नेलं होतं. कुंपणाच्या सळईला हात लावून त्यांनी विचारलं, ‘पाऊस पडल्यावर सोडत्यात ना परत?’

नाही सोडत. हे त्यांना पटवायला मला परतीचा सगळा रस्ता लागला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. काम न होणारा बैल विकायचा बाजारच उठला, आणि आमच्याकडच्या किती तरी दावणी त्यानंतर मोकळ्या झाल्या. अण्णांनी स्वतःचा म्हातारा बैल मरेपर्यंत पोसला, याचा त्यांना अभिमान आहे आणि चीडही. पोसायला लागतं त्याला कायदा करणाऱ्याने वैरणीचा पैसा द्यावा, हे त्यांचं तेव्हापासूनचं म्हणणं. अमेरिकेत तो दिला जातोय हे ऐकून ते पहिल्यांदा खूश झाले. मग म्हणाले, ‘पर मग रानात का न्हाई ठेवत? थितं गवात हाय की.’

तिथे गवत आहे, पण ते भाड्याने दिलंय. माझ्या मते सगळं भांडण इथे आहे आणि दोन्ही बाजू याच्या आजूबाजूला फिरतात. घोडा परदेशी, स्पॅनिश लोकांनी आणलेला, असं गायवाले म्हणतात. गाईही त्याच लोकांनी आणली. घोड्याचा तर मूळ वंशच या खंडातला, इथून तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला, हे घोडेवाल्यांचं लाडकं उत्तर. तेही खरं, पण दहा हजार वर्षांत माळ बदलतो. एल्क हे मोठं हरीण, काळवीटासारखे प्राँगहॉर्न, सेजब्रशच्या झुडपांत लपणारी सेज ग्राउझ ही पाखरं, यांच्या बाजूने बोलणारे त्या दोघांपेक्षा संख्येने कमी, म्हणून त्यांचा आवाज ऐकू येत नाही.

आणि रान कुणाचं, या अण्णांच्या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे जे दोन्ही बाजूंना नको असतं. नेवाड्याच्या मोठ्या भागावर वेस्टर्न शोशोनी लोकांचा हक्क होता. १८६३च्या रुबी व्हॅली तहात त्यांनी वाटा वापरू दिल्या, जमीन दिली नाही, असं ते आजही म्हणतात. मेरी आणि कॅरी डॅन या दोघी बहिणी आपल्या पिढीजात रानात गाई-घोडे चारत होत्या. खात्याने सत्तरच्या दशकात त्यांच्यावर विनापरवाना चराईचा खटला भरला. १९७९ मध्ये जमातीच्या नावाने २ कोटी ६० लाख डॉलर सरकारी तिजोरीत जमा केले गेले, जमातीने ते घेतले नाहीत. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे जमा झाले म्हणजे मोबदला दिला गेला. २००२-०३ मध्ये बहिणींची जनावरं जप्त झाली. याच राज्यात क्लाइव्हन बंडी नावाचा गोरा पशुपालक १९९३ पासून चराईचं भाडं देत नव्हता, थकबाकी दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. २०१४ मध्ये त्याच्या गाई जप्त करायला गेलेलं पथक त्याच्या बंदूकधारी समर्थकांपुढे गाई सोडून माघारी आलं. ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली की वेगळं भाष्य लागत नाही.

एल्को हे नेवाड्यातलं गुराख्यांचं गाव. दर हिवाळ्यात तिथे काउबॉय कवितांचं संमेलन भरतं, म्हणजे खरंच गुराखी स्टेजवर येऊन स्वतःच्या यमकबद्ध कविता म्हणतात, आणि बऱ्याचदा आपल्याकडच्या संमेलनांपेक्षा बऱ्या म्हणतात. तिथे कॉफीच्या रांगेत एका पशुपालक बाईंशी ओळख झाली. साठीच्या, हाताची नखं कापलेली, बोलणं मोजकं. दुष्काळात खात्याने त्यांना गाई निम्म्या करायला सांगितल्या, त्यांनी केल्या. ‘घोड्यांना कोण सांगणार?’ असं त्यांनी मला विचारलं. त्यांच्या गाई ऑक्टोबरात ट्रकमध्ये बसून खाली येतात. घोडा हिवाळाभर वरच असतो, आणि एप्रिलात पहिला कोंब फुटतो तेव्हा गाई पोहोचायच्या आत तो खाल्लेला असतो. याला उत्तर नाही. मीही दिलं नाही.

त्याऐवजी मी त्यांच्यापुढे एक हिशोब मांडला. गोठ्यात उभ्या एका घोड्यावर सरकारचे दिवसाला पाचेक डॉलर जातात, महिन्याला दीडशे. तो घोडा माळावर असता तर महिन्याला एक माप चारा खाता, आणि ते माप सरकार तेव्हा १.३५ डॉलरला भाड्याने देत होतं. दीड डॉलरही न मिळणारं गवत मोकळं ठेवण्यासाठी दीडशे डॉलर खर्च करणारा शेतकरी मला महाराष्ट्रात दाखवा. खात्याच्या नियमावलीत गरज पडल्यास घोड्यांच्या क्षेत्रात गाईंची चराई बंद करायची तरतूद आहे. पण घोडे पकडण्याच्या योजनांची कागदपत्रं उघडली की ‘गाई कमी करणे’ हा पर्याय बहुधा एकाच सदरात सापडतो: विचार केला, पण तपशीलवार अभ्यासासाठी घेतला नाही. कारण गाईंची संख्या वेगळ्या प्रक्रियेत ठरते. त्या वेगळ्या प्रक्रियेत २०१४च्या एका दुरुस्तीमुळे मुदत संपलेला परवाना जुन्याच अटींवर, नवा पर्यावरण अभ्यास न करता पुढे चालू राहू शकतो.

बाई ऐकत होत्या. मी म्हटलं, समजा सरकारने तुमच्याकडून ही मापं परत घेतली, जबरदस्तीने नाही, पैसे देऊन. खासगी कुरणाच्या दराने दिले तरी गोठ्याच्या खर्चाच्या सातव्या हिश्श्यात भागेल. वर घोड्यांची संख्या आटोक्यात ठेवायला घोड्यांना लस टोचायची. पीझेडपी नावाची लस आहे, डुकराच्या अंडाशयापासून बनवलेली, बंदुकीतून सुई मारून लांबूनच देता येते. डोस तीसेक डॉलरचा, फक्त दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. व्हर्जिनिया रेंजच्या त्या ‘भटक्या’ घोड्यांवर स्वयंसेवक २०१९ पासून हेच करताहेत. प्रत्येक घोडीची नोंद ठेवतात, रंगावरून, कपाळावरच्या ठिपक्यावरून, आणि तिथे शिंगरं कमी झाली आहेत.

‘तिथे घोडे रस्त्याकडेला उभे असतात,’ बाई म्हणाल्या. ‘आमच्याकडे माणूस दिसला की दोन मैल लांब. सुई मारणार कोण?’

हेही खरं. पाणवठ्यावर चारा ठेवून सापळ्यात घ्यावे लागतील, वेळ लागेल, हेलिकॉप्टरपेक्षा कितीतरी जास्त. मी तसं कबूल केलं आणि विचारलं, पण मापांचं काय? द्याल?

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांचे दोन प्रश्न होते. मापामागे किती, आणि किती वर्षांचं लिहून देणार?